निळ्या नक्षीची बशी : सीमाभागातील व्हिक्टोरियाकालीन भांड्यांचा संग्रह

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी जवळपास चौसष्ट वर्षांची. या काळात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातील भट्ट्यांतून निघालेली निळ्या नक्षीची पांढरी भांडी साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला, पुढे येथे लष्करी छावणी वसली आणि साहेबांच्या टेबलासाठी विलायती सामान घाट चढू लागले. वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल आंबोली घाटातून बेळगावी येई; १८८०च्या दशकाच्या अखेरीस मुरगाव बंदराहून कॅसलरॉकमार्गे लोहमार्ग झाला. अधिकाऱ्याची बदली झाली अथवा मृत्यू ओढवला, की त्याच्या सामानाचा लिलाव करण्याची त्या काळी रीत होती. देशी घरांत विलायती बशी शिरण्याची ती एक मोठी वाट ठरली.

मात्र माजघरात तिला सहज प्रवेश नव्हता. तांब्या-पितळेचे भांडे घासून शुद्ध करता येते, मातीचे येत नाही, ही समजूत दृढ होती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे प्रभृतींपुढे चहा ठेवला गेला आणि त्यावरून प्रायश्चित्ताचा मोठा वाद पेटला. पुढे कपबशी घरोघरी रुळली. तरीही कित्येक चहाच्या दुकानांत दलित गिऱ्हाइकांसाठी वेगळे कप ठेवण्याची अमानुष प्रथा दीर्घकाळ टिकली. निळी बशी पाहताना हा इतिहासही नजरेआड करता येत नाही.

चिनी माती म्हणजे नेमके काय?

आपण बरणी, कपबशी, फुलदाणी या सर्वांस सरसकट चिनी माती म्हणतो. जाणकार मात्र तिचे प्रकार करतात. अस्सल पोर्सेलीन अथवा हाडांची राख मिसळलेली बोन चायना पातळ असते. दिव्यासमोर धरून मागे बोट ठेवले, तर बोटाची सावली दिसते. लोणच्याची जाड बरणी दगडी मातीची, म्हणजे स्टोनवेअर. व्हिक्टोरियाकालीन निळ्या बश्यांपैकी बहुसंख्य या दोहोंपैकी काहीच नसून साध्या पांढऱ्या भाजक्या मातीच्या, वर चकाकीचा लेप दिलेल्या असतात. त्यांतून उजेड पार होत नाही. म्हणून त्या हलक्या दर्जाच्या ठरत नाहीत; पण पोर्सेलीन म्हणून कोणी भारी किंमत मागितली, तर सावध व्हावे.

निळा रंग कोबाल्टचा. तो भट्टीची प्रखर आच सोसतो, म्हणूनच चीनपासून युरोपपर्यंत तो मान्य झाला. इंग्रज कारागीर तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्यात रंग भरीत, पातळ कागदावर त्याचा ठसा घेत आणि तो कागद भाजलेल्या बशीवर दाबून नक्षी उमटवीत. नंतर लेप देऊन भांडे पुन्हा भाजत. काठाच्या वेलबुट्टीत जेथे कागदाची दोन टोके जुळली, तेथे नक्षी किंचित चुकलेली दिसते. हा सांधा जुन्या ठशाच्या कामाची चांगली खूण होय. भट्टीत क्षारयुक्त वाफ सोडून रंग मुद्दाम पसरू दिलेला प्रकार ‘फ्लो ब्लू’ म्हणून ओळखला जातो.

सर्वपरिचित नक्षी म्हणजे ‘विलो’ : वाकलेले झाड, पूल, त्यावरील तीन माणसे आणि वर दोन पक्षी. तिच्याशी जोडलेली प्रेमकथा चिनी मानली जाते. प्रत्यक्षात नक्षी आणि कथा दोन्ही इंग्लंडमध्येच जन्मल्या.

पाठ पाहावी

बशीचे वय तिच्या पाठीवर वाचावे. १८४२ ते १८८३ या काळात नोंदणीकृत नक्षीवर शंकरपाळ्याच्या आकाराचे चिन्ह असे. १८८४ पासून त्याऐवजी नोंदणी क्रमांक आला. अमेरिकेच्या १८९१ पासून लागू झालेल्या जकात नियमामुळे ‘इंग्लंड’ हा शब्द ठळकपणे छापला जाऊ लागला. ‘मेड इन इंग्लंड’ असे असेल, तर वस्तू बहुधा विसाव्या शतकातील. ‘व्हिक्टोरिया वेअर’ हा भारदस्त शिक्का मात्र अलीकडच्या नकलांवर आढळतो. तळाची झीज तपासावी : खरी झीज विषम असते, सर्वत्र सारखा पिवळेपणा शंकास्पद.

जपणूक

लेपावर केसासारख्या बारीक भेगा असतील, तर भांडे पाण्यात भिजत ठेवू नये. डाग काढण्यासाठी ब्लीच वापरल्यास लेप सुटू शकतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरेसे. दोन बश्यांमध्ये सुती कापड घालावे. जुन्या लेपात शिसे असू शकते. म्हणून चिंच, आमसूल, लिंबू अशा आंबट पदार्थांसाठी ही भांडी कदापि वापरू नयेत.

कायदा आणि नोंदवही

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार ऐतिहासिक वा कलात्मक मोल असलेली शंभर वर्षांवरील वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस ती परदेशी नेता येत नाही. परदेशस्थ आप्तांना आजीची बशी भेट देऊ पाहणाऱ्यांनी आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा सल्ला घ्यावा.

स्टॅफर्डशायरने एकाच नक्षीच्या असंख्य बश्या काढल्या. त्यामुळे बशी स्वतः क्वचितच दुर्मीळ असते. दुर्मीळ असते ती तिची वाट : ती छावणीच्या लिलावातून आली, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याने मुंबईहून आणली, की गोव्यातील नातलगांनी आहेर म्हणून दिली. जुना वाडा उतरवताना भांडी भंगारात जातात अथवा नाव-गाव न नोंदता विकली जातात, तेव्हा ही वाट कायमची पुसते. म्हणून संग्राहकाने कपाटाआधी नोंदवही करावी. कोणत्या गावातून, कोणत्या घरातून, कोणाकडून, कधी आणि कोणत्या आठवणीसह वस्तू आली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहावे आणि बशीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र जोडावे. चिकटपट्टी मात्र बशीवर लावू नये. फुटलेली बशी सांधता येते. सांगणारे माणूस गेल्यावर तिची हकिगत सांधता येत नाही.