चाकाचे वंगण

चाकाचा तुंबा आणि त्यातून गेलेला आस यांच्यातील घर्षण, झीज व गंज कमी करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या स्निग्ध पदार्थास चाकाचे वंगण म्हणतात. बैलगाडीच्या काळात हे काम वनस्पतिज तेले व प्राणिज चरबी यांच्याकडून होई. मोटारसायकलीच्या चाकात ते ग्रीज करते. ग्रीज म्हणजे साबणासारख्या घट्ट करणाऱ्या द्रव्याच्या सूक्ष्म तंतूंच्या जाळीत धरून ठेवलेले तेल होय. वंगणाचे प्रत्यक्ष कार्य तेलच करते. ते जागेवर राखणे व लागेल तसे थोडेथोडे सोडणे हे साबणाचे काम असते. म्हणून पाणी, उष्णता व भार यांपुढे ग्रीज कितपत टिकेल, हे बव्हंशी त्यातील साबणावरून ठरते. चाकाच्या वंगणाचा आधुनिक इतिहास हा मुख्यत्वे या साबणाच्या निवडीचा इतिहास आहे.

प्राचीन काळ : ईजिप्तमधील युया व थुया यांच्या थडग्यात (इ. स. पू. सु. १४००) सापडलेल्या रथाच्या आसावर वंगणाचे अवशेष आढळले. परीक्षणावरून ते चरबीचे असावेत व त्यांत चुन्याची संयुगे व धूळ मिसळलेली असावी, असे अनुमान करण्यात आले. भारतात चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगाचे महत्त्व सांगताना तेल मुरलेला घडा, तेल चोळलेले कातडे आणि वंगण दिलेला आस असे तीन दृष्टांत दिलेले आहेत. या वस्तू स्नेहाने जशा दृढ व क्लेश सोसण्यास समर्थ होतात, तसेच शरीरही होते, असा त्याचा आशय आहे. आसाला वंगण देण्याची गोष्ट त्या काळी इतकी परिचयाची होती, की वैद्यकाचा सिद्धांत समजावून देण्यास तिचा उपयोग करता येई.

बैलगाडीचे वंगण : महाराष्ट्रात गाडीच्या वंगणासाठी मुख्यतः एरंडेल वापरीत. एरंडेल इतर वनस्पतिज तेलांपेक्षा अधिक दाट असून धातूच्या पृष्ठाला चिकटून राहते. ते ताग किंवा चिंध्या यांत भिजवून आसाभोवती देत. तेल भरलेली बांबूची नळी गाडीलाच टांगलेली असे. गोंदिया जिल्ह्यातील देवरीसारख्या वनप्रदेशात मोह व करंज यांच्या बियांपासूनही तेल काढले जाते. करंजाच्या तेलाचा वंगण म्हणून उपयोग पूर्वापार माहीत आहे.

देवरी हे नागपूर–रायपूर मार्गावरील, छत्तीसगढच्या सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण आहे. ब्रिटिश अमदानीत हा मार्ग ग्रेट ईस्टर्न रोड या नावाने ओळखला जाई. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला व नव्या क्रमांकनानुसार त्यास ५३ हा क्रमांक मिळाला. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला व देवरी तालुका त्यात समाविष्ट झाला. भाताचे बांध, नाले आणि जंगलातील कच्च्या वाटा यांमुळे येथील चाकाला पावसाळ्यात चिखल व पाणी, तर उन्हाळ्यात बारीक धूळ आणि प्रखर उष्णता यांना तोंड द्यावे लागते. वंगणाची कसोटी लागावी असाच हा प्रदेश आहे.

वनस्पतिज तेलाचा मुख्य दोष असा, की ते वाहून जाते आणि हवेच्या संपर्काने कालांतराने चिकट व दाट बनते. बैलगाडीची गती मंद असल्याने व गाडीवान वारंवार वंगण देत असल्याने हा दोष चालवून घेता येई. चाक वेगाने फिरू लागले, तेव्हा मात्र तो अडचणीचा ठरला.

साबणयुक्त ग्रीजचा उगम : १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये पार्ट्रिज यांनी ऑलिव्ह तेल किंवा चरबी यांवर चुन्याची क्रिया करून बनविलेल्या वंगणाचे एकस्व घेतले. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ड्रेक यांच्या विहिरीतून खनिज तेल मिळू लागल्यानंतर चुन्याचा साबण व खनिज तेल यांचे ग्रीज स्वस्त झाले व घोडागाड्या, आगगाड्या आणि कारखाने यांत पसरले. हे कॅल्शियम ग्रीज पाण्याला दाद देत नाही. परंतु त्याची घडण टिकविण्यास अल्प प्रमाणात पाणी आवश्यक असते. तापमान बरेच वाढले, की हे पाणी निघून जाते व तेल साबणापासून विलग होते. सोडियमचा साबण वापरून केलेले ग्रीज अधिक उष्णता सोसते. मात्र पाण्याशी त्याचे पायस बनते व ते धुऊन जाते. अशा रीतीने जवळजवळ शंभर वर्षे चाकाच्या वंगणापुढे एकच पेच होता : पाण्यापासून रक्षण हवे असल्यास उष्णतेपुढे नमावे लागे आणि उष्णता सोसावयाची असल्यास पाण्यापुढे.

गोलक धारवा : व्यवहारात ज्याला बेअरिंग म्हणतात, त्या धारव्यामुळे हा पेच अधिक तीव्र झाला. १७९४ मध्ये वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या धारव्याचे एकस्व घेतले होते. १८६९ मध्ये पॅरिसच्या झ्यूल स्यूरिरे यांनी सायकलीसाठी तसा धारवा केला. १८८३ मध्ये जर्मनीतील फ्रीड्रिख फिशर यांनी पोलादी गोळ्या अचूक घासणारे यंत्र तयार केले आणि धारव्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन शक्य झाले. भारतात पुण्याजवळील चिंचवड येथील धारवे बनविणाऱ्या कारखान्याची मूळ कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली. गोलक धारव्यात गोळी व खोबण यांचा स्पर्श अत्यंत लहान क्षेत्रावर होतो व तेथील दाब फार मोठा असतो. त्या जागी धुळीचा कण किंवा गंजाचा डाग पडला, तरी पृष्ठाचे पापुद्रे सुटू लागतात.

लिथियम ग्रीज : अमेरिकेतील क्लॅरेन्स अर्ल यांना १९४२ मध्ये लिथियम साबणाच्या ग्रीजची एकस्वे मिळाली. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी कडक थंडीत व उष्णतेत सारखेच उपयोगी पडेल असे वंगण हवे होते. ती गरज या ग्रीजने भागविली. लवकरच या साबणासाठी १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक अम्ल सर्वांत योग्य असल्याचे दिसून आले. हे अम्ल एरंडेलापासून, त्याच्याशी हायड्रोजनाचा संयोग करून, मिळते. या साबणाचे ग्रीज सु. १८०° से. पलीकडे ठिबकू लागते, पाण्यात सहज धुऊन जात नाही व वारंवार मळले जाऊनही आपला घट्टपणा राखते. जुना पेच त्यामुळे सुटला आणि एकच ग्रीज बहुतेक कामांस चालू लागले. जगातील एरंडबियांच्या उत्पादनात भारत अग्रेसर असून त्यांतील बहुतांश गुजरातमध्ये पिकते. गाडीच्या आसावरून दूर झालेले एरंडेल अशा प्रकारे साबणाच्या रूपाने मोटारसायकलीच्या तुंब्यात परत आले.

मोटारसायकलीचे मागील चाक : भारतात १९५५ मध्ये मद्रास येथे एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली, पुढील दशकात म्हैसूरची जावा व फरीदाबादची राजदूत या गाड्या आल्या. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने १०० घ. सेंमी.च्या हलक्या गाड्या निघू लागल्यावर मोटारसायकल ग्रामीण भागात सर्वत्र पोहोचली. मागील चाकावर पुढील चाकापेक्षा अधिक भार असतो. साखळीचा ओढ एका बाजूने पडतो आणि ब्रेकच्या ड्रमची उष्णता तुंब्यात उतरते. तुंब्यात सामान्यतः दोन धारवे व त्यांमध्ये अंतर राखणारी नळी असते; दंतचक्र स्वतंत्र बैठकीवर असल्यास तेथे तिसरा धारवा असतो.

ग्रीजचा घट्टपणा अमेरिकेतील राष्ट्रीय ग्रीज संस्थेने (स्थापना १९३३) ठरविलेल्या क्रमांकांनी दर्शवितात. २५° से. तापमानास ठरावीक शंकू ग्रीजमध्ये किती खोल जातो, ते मिमी.च्या दशांशांत मोजतात. ही खोली २६५ ते २९५ असल्यास क्रमांक २ व २२० ते २५० असल्यास क्रमांक ३ होतो. चाकाच्या धारव्यास सामान्यतः क्रमांक २ चे लिथियम किंवा लिथियम-जटिल ग्रीज योग्य असते. उष्ण प्रदेशात काही निर्माते क्रमांक ३ सुचवितात. पट्ट्यांच्या कमानी व खुंट्या यांसाठी मिळणारे स्वस्त कॅल्शियम ग्रीज वेगाने फिरणाऱ्या व ब्रेकने तापणाऱ्या तुंब्यास उपयोगी नाही. सोडियम ग्रीज भाताच्या बांधांतून जाणाऱ्या चाकास अपायकारक ठरते. ग्रॅफाइटयुक्त काळे ग्रीज सरकणाऱ्या भागांसाठी असते. रंगावरून मात्र ग्रीजची परीक्षा करू नये. पिवळा, निळा किंवा तांबडा रंग हा बहुधा केवळ रंजकाचा असतो.

निवडीइतकेच महत्त्व प्रमाणास आहे. उघड्या धारव्यातील मोकळ्या जागेचा एकतृतीयांश ते निम्मा भाग ग्रीजने भरणे पुरेसे असते. अधिक भरल्यास ते घुसळले जाऊन तापते, पातळ होते व ड्रममध्ये उतरते. ब्रेकच्या अस्तरास ग्रीज लागले, की उतारावर किंवा ऐन रहदारीत ब्रेक धरत नाही. वंगणाच्या अतिरेकातून उद्‌भवणारा हा सर्वांत गंभीर धोका होय. निरनिराळ्या साबणांची ग्रीजे मिसळल्यास काही जोड्या एकदम पातळ होतात. म्हणून जुने ग्रीज रॉकेलने पूर्णपणे धुऊन, धारवा वाळवून मगच नवे भरावे. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेल्या धारव्यांत ग्रीज कारखान्यातच भरलेले असते. ते उघडू नयेत. खरखर किंवा ढिलेपणा आल्यास बदलावेत. तथापि अशा चाकातही आसावर ग्रीजचा पातळ थर द्यावा लागतो. नाहीतर आस गंजून नळीत अडकतो. जोरदार पाण्याच्या झोताने गाडी धुताना तो थेट तुंब्यावर मारल्यास पाणी झाकणाच्या कडेतून आत शिरते व पावसापेक्षाही अधिक हानी करते.

अलीकडील प्रवृत्ती : एकविसाव्या शतकात विद्युत् घटमालांसाठी लिथियमची मागणी वाढून त्याची किंमत अस्थिर झाली. त्यामुळे कॅल्शियम सल्फोनेट व पॉलियूरिया यांच्या ग्रीजांकडे उद्योगाचे लक्ष वळले. कॅल्शियम सल्फोनेट ग्रीज पाणी व गंज यांस विशेष प्रतिकार करते आणि जुन्या चुन्याच्या ग्रीजप्रमाणे उष्णतेने विघटित होत नाही. पॉलियूरिया ग्रीज इतर अनेक ग्रीजांशी जुळत नसल्याने ते वापरताना धारवा निर्मळ करणे अधिकच आवश्यक ठरते. डब्यावरील साबणाचा प्रकार व घट्टपणाचा क्रमांक वाचून ग्रीज घेण्याची सवय त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे.