लहरीची लांबी आणि कणाची ऊर्जा

तांबड्या प्रकाशाची लहर जांभळ्याहून जवळजवळ पावणेदोन पट लांब असते, हें एकोणिसाव्या शतकांतच ठाऊक झालें होतें. त्या लांबीवरून प्रकाशाची ऊर्जा काढतां येईल, ही कल्पना मात्र कोणास नव्हती. १४ डिसेंबर १९०० रोजीं बर्लिन येथें माक्स प्लांक यांनीं एक नवा स्थिरांक मांडला. १९०५ सालीं आइन्स्टाइन यांनीं त्याच्या आधारें, प्रकाश कणाकणांनीं येतो, असें प्रतिपादिलें.

हिशेब सोपा आहे. १२४० या संख्येस लहरीच्या नॅनोमीटरांतील लांबीनें भागावें, म्हणजे एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टांत मिळते. ७०० लांबीच्या तांबड्यास सुमारें १.७७, ४०० लांबीच्या जांभळ्यास ३.१. म्हणूनच सोडियमवरून मंद जांभळा प्रकाशही इलेक्ट्रॉन उडवितो. प्रखर तांबडा उडवूं शकत नाहीं.

अमेरिकेंतील मिलिकन यांचा या कणांवर विश्वास नव्हता. निर्वात नळींत धातूंचे पृष्ठभाग खरवडून त्यांनीं वर्षानुवर्षें प्रयोग केले; आणि १९१६ सालीं, उपपत्ति न पटतांही, समीकरण खरें ठरल्याचें स्वतःच प्रसिद्ध केलें. मताविरुद्ध गेलेला आंकडा त्यांनीं लपविला नाहीं. म्हणून आज आपण हा भागाकार निःशंकपणें करतों.