नाव नसलेला सम्राट

इटलीच्या आग्नेय किनाऱ्यावर बार्लेट्टा या गावी, 'पवित्र समाधी' चर्चच्या भिंतीलगत ब्राँझचा एक प्रचंड पुतळा उभा आहे. उंची सुमारे ५ मीटर. अंगात चिलखत, कपाळावर राजपट्टा, उजव्या हातात उंच धरलेला क्रूस, डाव्या हातात गोल. गावकरी त्याला 'एराक्लिओ' म्हणतात. हेराक्लियस हा इ. स. ६१० ते ६४१ या काळातला बायझंटाइन सम्राट. इराण्यांनी जेरुसलेमहून नेलेला पवित्र क्रूस त्याने परत आणला. पुतळ्याच्या हाती क्रूस आहे, तेव्हा हा तोच, असा सरळ हिशेब!

हिशेब फसतो तो इथेच. १३०९ साली हा पुतळा बार्लेट्टाच्या जकातीपाशी पडून होता. त्याचा धातू घंटा ओतण्यासाठी घ्यायला राजा दुसरा चार्ल्स याने मानफ्रेदोनियाच्या डॉमिनिकन साधूंना परवानगी दिली. सम्राटाच्या हातापायांच्या घंटा झाल्या. पुढे १४९१ च्या सुमारास नवे हातपाय ओतून त्याला उभे केले गेले. म्हणजे ज्या क्रूसावरून सम्राट ओळखायचा, तो क्रूसच सम्राटानंतर साडेआठशे वर्षांनी आलेला!

मग हा कोण? घडण आणि राजपट्टा पाहून बहुतेक अभ्यासक त्याला पाचव्या शतकात नेतात. दुसरा थिओडोसियस, मार्सियन, पहिला लिओ, होनोरियस. कोणी चौथ्या शतकातल्या पहिल्या व्हॅलेंटिनियनचेही नाव घेतो. कोठून आला, यावरही एकमत नाही. १२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले. ती लूट नेणारे व्हेनिसचे जहाज बुडाले आणि पुतळा किनाऱ्याला लागला, ही लोककथा. दुसरे मत असे की दुसऱ्या फ्रेडरिकने तो राव्हेन्नाहून आणवला असावा. (लुटीचा माल समुद्राने आपखुशीने आणून दिला, असे सांगणे गावाला नेहमीच सोयीचे.)

ज्याने साम्राज्यभर आपले रूप धातूत ओतवून घेतले, त्याचे नाव शिल्लक राहिले नाही, याचे पंडितांना दुःख आहे. मला प्रश्न वेगळा पडतो. तांबे खणणारे, भट्टी फुंकणारे, मेणाच्या साच्यात हा देह घडवणारे हात कोणाचे? त्यांच्या नावाबद्दल वाद घालायलाही कोणी बसलेले नाही. विद्यार्थी परीक्षेत पाच सम्राटांची नावे लिहील आणि गुण मिळवील. कारागिराचे नाव त्याला विचारलेच जाणार नाही.

आणि तरी या पुतळ्याशी जोडलेले एक श्रमिकाचे नाव कागदावर राहून गेले आहे. नवे हातपाय ओतणारा तो नापोलीचा फाबिओ आल्फानो. आपल्याकडे त्याला ओतारी म्हटले असते. त्याने ओतलेल्या पायांवरच तो अनामिक सम्राट आजही उभा आहे.