जमिनीतील काटेरी कोष: परोपजीवी बॉम्बिलिड माशीची ओळख

हरभरा किंवा भाजीपाल्याच्या शेतात रोपे कुरतडणाऱ्या अळीचे कोष शोधताना कधी कधी एखादा काटेरी, तपकिरी कोष हाती लागतो. किडीचाच समजून तो चिरडला जातो. सुरुवातीच्या काळात सर्वेक्षणाच्या नोंदीत मीही असे कोष ‘कीड’ या रकान्यात मोजले आहेत. प्रत्यक्षात तो बॉम्बिलिड कुळातील परोपजीवी माशीचा असू शकतो.

ही माशी केसाळ असून मधमाशीसारखी दिसते, पण तिला पंखांची एकच जोडी असते. बांधावरच्या फुलांवर ती हवेत एका जागी थांबते. या कुळातील व्हिला आणि पोइसिलॅन्थ्रॅक्स या प्रजातींतील अनेक माश्या जमिनीत कोषात जाणाऱ्या पतंगांच्या अळ्यांवर जगतात. पोइसिलॅन्थ्रॅक्स ही उत्तर अमेरिकेतील प्रजाती. तेथे ती रोपे कुरतडणाऱ्या अळ्यांवर आढळते. मादी उडता उडता जमिनीवर अंडी टाकते. त्यातून निघालेली बारीक अळी स्वतः यजमान शोधून त्याच्या शरीरात शिरते. यजमान कोषात जाईपर्यंत ती फारशी वाढत नाही. नंतर मात्र आतला सगळा भाग खाऊन तेथेच किंवा लगतच्या मातीत ती स्वतः कोषात जाते.

कोषाची रचना

पतंगाचा कोष गुळगुळीत, चकचकीत असतो. घाटे अळीच्या कोषाच्या शेपटाकडे दोन बारीक काटे असतात, डोके मात्र साफ असते. बॉम्बिलिड कोषाच्या डोक्यावर कडक, गडद रंगाचे काटे जोड्यांनी असतात. पोटाच्या बहुतेक खंडांवर, पाठीच्या बाजूने, आडव्या रांगेत आखूड काटे किंवा आकडे असतात आणि त्यांच्यासोबत राठ केस. शेवटच्या खंडावरही काटे असतात. खालच्या बाजूला पाय, पंख आणि सोंडेची आवरणे अंगाला चिकटलेली दिसतात. दहापट भिंगातून हे सगळे स्पष्ट कळते.

या काट्यांचे काम महत्त्वाचे आहे. प्रौढ माशी नाजूक असते, तिला माती उकरता येत नाही. म्हणून बाहेर पडण्याचे काम कोषालाच करावे लागते. डोक्यावरच्या काट्यांनी तो यजमानाचे कवच फोडतो, माती सारतो. पोट आकुंचन-प्रसरण पावते आणि पाठीवरचे आकडे मातीत रुतल्याने तो मागे घसरत नाही. पृष्ठभागावर आला की अर्धा बाहेर येऊन थांबतो, पुढच्या भागावर चीर पडते आणि माशी निघते. रिकामी कात तशीच मातीत उभी राहते. पाऊस नसेल तर सकाळी बांधालगतच्या मोकळ्या जमिनीत ती शोधावी.

नुसती हालचाल पाहून ओळखू नये, कारण पतंगाचा कोषही हात लावला की पोट वळवतो. हुमणीचा कोष फिकट, मऊ व सुट्या पायांचा असतो. टॅकिनिड माशीचा कोष गुळगुळीत कुपीसारखा. खरी गल्लत होते ती ॲसिलिड म्हणजे शिकारी माशीच्या कोषाशी. तोही काटेरी असतो. पण ती माशीही इतर कीटकांची शिकार करते, त्यामुळे शेतकऱ्याने त्यात अडकून पडायची गरज नाही.

फायदा किती?

परोपजीवी शिरला तरी अळी कोषात जाईपर्यंत खातच राहते. त्यामुळे चालू पिकाचे नुकसान ही माशी थांबवत नाही, पुढच्या पिढीचे पतंग मात्र कमी होतात. या कुळातील काही जाती एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या पिल्लांवर जगतात, तर काही इतर परोपजीवींनाच खातात. म्हणून सरसकट ‘मित्रकीटक’ असा शिक्का मी मारणार नाही. नेमका यजमान कोणता, हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

त्यासाठी विस्तार कार्यकर्त्यांनी गोळा केलेले कोष चिरडण्याऐवजी काचेच्या बरणीत ५-६ सेंमी ओलसर मातीवर ठेवावेत आणि तोंडाला मलमल बांधावी. पतंगाचे अखंड कोष वेगळ्या बरणीत ठेवावेत. त्यातूनही माशी निघू शकते. बरणीवर शेत, पीक, खोली व तारीख लिहावी. माती चिखल होईल इतकी भिजवू नये, नाहीतर बुरशी येऊन कोष सडतात. माशी निघाल्यावर तिची कात आणि यजमानाचे फुटलेले कवच एकाच डबीत जपून ठेवावे.