मोडून पुन्हा धावणारी गाडी

रिमोटची गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी वेग विचारतो, मग किंमत. गाडी टिकेल का, हे विचारायची आठवण त्याला बहुतेक वेळा पहिली गाडी भंगारात गेल्यावर होते. खरं तर या छंदाच्या इतिहासात सर्वांत जास्त डोकं चाललं ते याच प्रश्नावर. स्वस्त आणि टिकाऊ हे दोन शब्द एकाच गाडीला लागू पडावेत, यासाठी काही लोकांनी वर्षानुवर्षं प्लॅस्टिकशी झुंज घेतली आहे.

रेडिओलहरींवर दुरून वस्तू चालवून दाखवली ती निकोला टेस्ला यांनी. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट फिरवली. गाडीची पाळी यायला ट्रान्झिस्टर स्वस्त व्हावे लागले. १९६६ च्या सुमारास इटलीतल्या एल-जी कंपनीने १:१२ प्रमाणातली फेरारी बाजारात आणली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी इंग्लंडची मारडेव्ह आणि कॅलिफोर्नियाची असोसिएटेड या कंपन्या १:८ च्या इंधनावर चालणाऱ्या गाड्या करू लागल्या. मेथनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर धावणारं ते इंजिन कानठळ्या बसवी आणि सतत निगा मागे. शाळकरी पोराच्या खिशाचं ते काम नव्हतं.

खिशाचा विचार जपानने केला. शिझुओकातली तामिया ही मुळात १९४६ साली लाकडाच्या धंद्यात उभी राहिलेली कंपनी. पुढे ती प्लॅस्टिकची स्थिर मॉडेलं करू लागली. १९७६ मध्ये तिने पोर्शे ९३४ ही १:१२ ची विजेवरची गाडी किट म्हणून विकायला काढली. रेडिओ वेगळा घ्यायचा, गाडी घरी जोडायची. कंपनीच्या सांगण्यानुसार पहिल्याच वर्षी लाखाहून जास्त किट खपली. शर्यतीच्या दृष्टीने ती फार भारी गाडी नव्हती, पण तिने एक मोठं काम केलं. प्रत्येक स्क्रू कुठे बसतो हे तिच्या मालकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या मते टिकाऊपणाची खरी सुरुवात इथेच आहे, कारण जोडलेली गाडी खोलायला कुणी घाबरत नाही.

१९७९ मध्ये तामियाने सँड स्कॉर्चर आणली, वर फोक्सवॅगन बीटलची बॉडी आणि खाली ओतीव धातूचे सुटे भाग असलेली. रेडिओचे भाग पाणी-धूळ लागू नये म्हणून पारदर्शक डबीत बंद. गाडी देखणी आणि दणकट वाटणारी, पण महाग. शिवाय ओतीव धातूचा एक दोष असतो. तो धक्का पचवत नाही, एका मर्यादेपर्यंत सोसतो आणि मग तडकतो.

स्वस्त गाड्यांच्या घराण्याचा मूळपुरुष आला १९८४ मध्ये. ग्रासहॉपर. होडीसारखी खोलगट, एबीएस प्लॅस्टिकची एकसंध चॅसी, मोजके भाग, मागे गिअरबॉक्स आणि आस मिळून एकच ठोकळा, आणि ३८० जातीची छोटी मोटर. वेग बेताचा, म्हणून धडकही बेताची. ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही, पण ग्रासहॉपरच्या चिवटपणात तिच्या दुबळ्या मोटरचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी त्याच चॅसीवर ५४० मोटर बसवून हॉर्नेट निघाली. ती पळे जोरात आणि खडबडीत जमिनीवर बेडकासारखी उड्या मारी. तरीही दोघींनी असंख्य मुलांचा मार खाल्ला आणि त्या चालत राहिल्या. सुमारे वीस वर्षांनी कंपनीने दोन्ही पुन्हा बाजारात आणल्या. त्यांचे सुटे भाग आजही मिळतात.

१९८४ मध्येच असोसिएटेडची आरसी१० आली. सोनेरी ॲल्युमिनियमची चॅसी आणि तिला नायलॉनचे सस्पेन्शन आर्म. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे १:१० ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिच्यात दोन चाकांना गती असलेल्या गटाचं विजेतेपद जे हॅल्सी यांनी याच गाडीवर मिळवलं. ही स्वस्त गाडी नव्हती. पण मधला सांगाडा ताठ ठेवायचा आणि चाकाजवळचे भाग लवचीक, हे सूत्र तिने पक्कं केलं आणि पुढे स्वस्त गाड्यांनीही ते उचललं. नायलॉनचा आर्म वाकतो, परत येतो, आणि अगदीच तुटला तर तो एकटाच बदलता येतो.

लोक आज याच सूत्राच्या विरुद्ध जातात. आर्म तुटला की ॲल्युमिनियमचा लावतात. मग आर्म तुटत नाही, धक्का आत शिरतो आणि आर्म ज्यावर बसतो तो बल्कहेड फुटतो. कमी पैशांत बदलता येणारा भाग वाचतो आणि सगळी गाडी खोलायला लावणारा भाग जातो.

मोटरचं घराणं तर याहून रंजक. माबुचीची आरएस-५४० ही ३६ मिलिमीटर व्यासाची मोटर सत्तरच्या दशकात या छंदात आली आणि तिचं माप हेच सगळ्यांचं माप झालं. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीच्या हॉर्नेटमध्ये आजची ५४० मोटर बसते. बेअरिंग आणि एम३ स्क्रू यांचंही तसंच. ठरावीक मापाचे असल्याने ते मुंबई-पुण्यातल्या बेअरिंगच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. वायरी, कनेक्टर, सोल्डरिंगचं सामान लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतं.

मध्यंतरी वीज बदलली आणि जुना समतोल ढळला. पूर्वी वेग कमी-जास्त करायला सर्व्होने, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर वळणाऱ्या छोट्या मोटरने, फिरणारा यांत्रिक स्विच आणि रेझिस्टर असे. ते तापत, त्यांचे संपर्क जळत. इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलरने ती कटकट संपवली. २.४ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओमुळे एकाच मैदानावर दोघांचे क्रिस्टल एकाच वारंवारतेचे निघून गाड्या एकमेकींच्या रिमोटवर धावण्याचा प्रकार थांबला. पण निकेल-कॅडमियमच्या जागी लिथियम-पॉलिमर (लिपो) बॅटरी आणि ब्रशलेस मोटर आली तेव्हा ताकद एकदम वाढली, आणि तो भार गिअरच्या दातांवर आला. लिपोचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा होतो. तो ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा दुखावतो. बॅटरी वेळेवर न थांबवणारी गाडी कितीही मजबूत असो, तिच्या मालकाला वारंवार खर्चात टाकते.

विक्रीची रीतही बदलली. टेक्सासच्या ट्रॅक्ससने १९८६ पासून जोडून तयार गाड्यांवर भर दिला. २००८ मधली तिची स्लॅश मला विशेष मोलाची वाटते, कारण तिचे कितीतरी भाग त्याच कंपनीच्या रस्टलर आणि स्टॅम्पीडशी जुळतात. एकच आर्म अनेक गाड्यांना चालत असेल तर तो वर्षानुवर्षं बनत राहतो.

आज कमी बजेटचा माणूस ज्या गाड्या पाहतो त्या बहुधा चीनच्या शांतौ शहरातल्या चेंगहाई भागातून येतात. खेळण्यांच्या कारखान्यांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. तिथल्या डब्ल्यूएलटॉइजची १:१४ ची १४४००१ ही गाडी धातूची चॅसी, चारही चाकांना गती आणि ५५० मोटर घेऊन आली, तीही जुन्या नावाजलेल्या कंपन्यांच्या मानाने फार कमी दरात. या गाड्यांना नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र त्यांची एक मेख आहे. अनेकींत रिसीव्हर आणि स्पीड कंट्रोलर एकाच पाटीवर असतात. काहींच्या सर्व्होला नेहमीच्या तीनऐवजी पाच तारा असतात. अशा गाडीत एक भाग जळला की सगळी पाटी बदलावी लागते, आणि बाजारातला दुसरा सर्व्हो तिला चालत नाही.

आपल्याकडे सुट्या भागांना आणखी महत्त्व आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. परदेशातून एखादा गिअर मागवायचा तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

तेव्हा गाडी घेण्याआधी दुकानदाराला तिचा वेग विचारू नका. पुढचा आर्म, मोठा गिअर आणि डिफरन्शियल भारतात कुणाकडे शिल्लक आहे आणि केवढ्याला, ते विचारा. सर्व्होच्या तारा मोजा, रिसीव्हर वेगळा आहे का पाहा, चाकात बेअरिंग आहेत की नुसते बुश ते तपासा. गाडीबरोबरच आर्मची एक जोडी आणि एक गिअर घेऊन ठेवा. आणि सुटे भाग मिळत नाहीत असं उत्तर आलं, तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी घेऊ नका.