दिव्याच्या उजेडांतली लावी

जपानांत लावा पक्ष्याची जोपासना झाली ती अंड्यांपेक्षां आधीं आवाजासाठीं. एदो काळांत (१६०३–१८६८) नराची खणखणीत साद ऐकणें हा सामुराईंचा, आणि पुढें धनिक व्यापाऱ्यांचाहि, शौक होता. सुस्वर पक्ष्यांच्या स्पर्धा भरत. लाव्याच्या पिंजऱ्याचें छत मात्र मऊ जाळ्याचें असे, कारण दचकलेला लावा बाजूला न पळतां सरळ वर उसळतो आणि कठीण छतावर डोकें फोडून घेतो. अंडीं देणाऱ्या लावींचे पिंजरे आजहि वीतभरच उंच करतात ते याचसाठीं. उसळीला वेग येण्यापूर्वींच छत लागावें.

दुसरी युक्ति उजेडाची. शरदांत सूर्यास्तानंतर गाणाऱ्या पक्ष्यांच्या पिंजऱ्याजवळ मेणबत्ती तेवत ठेवीत. मग वसंतांत गाणारा उगुइसु ऐन जानेवारींत गाऊं लागे. या रीतीस ‘योगाइ’, म्हणजे रात्रीची जोपासना, म्हणत. मेणबत्तीची ऊब लागत असेल, असें कोणासहि वाटावें. परंतु कॅनडांत विल्यम रोवन यांनीं हिंवाळ्याच्या कडाक्यांत, उघड्यावरील पिंजऱ्यांत दिवे लावून, जुंको नांवाच्या लहान पक्ष्यांच्या जननग्रंथि वसंतांतल्याप्रमाणें वाढविल्या. हे प्रयोग १९२५ सालीं प्रसिद्ध झाले. थंडी होती तशीच होती. वाढला होता तो केवळ दिवस. पुढें फ्रान्समध्यें झाक बेन्वा यांनीं बदकांवर प्रयोग करून याहून नवलाची गोष्ट दाखविली : डोळे झांकले तरी प्रकाश कवटींतून मेंदूपर्यंत पोंचतो आणि आपलें काम करतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं जपानी पाळणाऱ्यांनीं अंड्यांसाठीं निराळे वाण निवडले, आणि तोयोहाशीच्या परिसरांत हा धंदा वाढला. लावी सहा-सात आठवड्यांतच सुमारें १० ग्रॅम वजनाचें अंडें देऊं लागते; पण तिला रोज १४ ते १६ तास उजेड हवा. दिवस बारा तासांहून आंखूड झाला कीं अंडाशय आकसूं लागतें. रानांतल्या पक्ष्याची ती विश्रांतीच. दिव्याखालची लावी तिला मुकते. उजेड वाढवावा, पण प्रखर करूं नये. झगझगाट आणि दाटी झाली कीं पक्षी एकमेकांचीं डोकीं टोंचून रक्तबंबाळ करतात.

दुसऱ्या महायुद्धांत माणसांनाच धान्य पुरेना, तेथें लाव्यांना कोठून मिळणार? गाणारे वाण समूळ नष्ट झाले. १९४५ नंतर जो धंदा पुन्हां उभा राहिला, तो उरल्यासुरल्या थोड्या पक्ष्यांवर. त्याच जातीचा लावा १९७४ सालीं भारतांत, उत्तर प्रदेशांतील इज्जतनगर येथें आणला गेला. आज महाराष्ट्रांतहि तो पाळतात. मुंबईस डिसेंबरांतला दिवस अवघा अकरा तासांचा. म्हणून येथेंहि संध्याकाळीं खुराड्यांत तीन-चार तास दिवा लावावा लागतो. गाण्यासाठीं मात्र तो आतां कोणी लावीत नाहीं.