लालबुंद नळी, नागसेनवन, १९५८

सप्टेंबर १९५८. औरंगाबादच्या नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालयाच्या रसायनशाळेत तुम्ही उभे आहात. खिडकीबाहेर लेण्यांचा डोंगर पावसानं हिरवा झालाय. २३ ऑगस्टला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं, त्याची चर्चा अजून चालू आहे. इतके दिवस इथल्या मुलांना पदवी मिळायची ती हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची.

तुमच्या पुढ्यात एक बाटली, आत पांढरी पूड, वर नुसता नंबर. पुडीत नायट्रोजन, गंधक, क्लोरीन यांपैकी काय आहे ते शोधायचं. बाजूला करंगळीहून बारीक अशा काचेच्या चारपाच फ्यूजन ट्यूब.

रॉकेलमधून चिमट्यानं सोडियमचा तुकडा काढा. सुरीनं कापला की आतून चांदीसारखा चमकतो आणि बघता बघता काळवंडतो. वाटाण्याहून लहान तुकडा घ्या, टिपकागदावर कोरडा करा, नळीत टाका. ओल्या हातानं शिवू नका. बर्नरवर सोडियम वितळून त्याचा चकचकीत थेंब झाला की चिमूटभर पूड घाला. भप्पकन जाळ होतो, धूर येतो. नळीचं तोंड कुणाच्याही चेहऱ्याकडे नको. आता बूड लालबुंद होईपर्यंत तापवत राहा.

तेवढ्यात सव्वाशे वर्षं मागे जाऊन येऊ. १८३१, जर्मनीतलं गीसेन. युस्टुस लीबिगच्या प्रयोगशाळेत हातभर लांब नळी लोखंडी पन्हळीत आडवी ठेवलीय, भोवती निखारे. आत तांब्याच्या ऑक्साइडमध्ये मिसळलेला नमुना जळतोय. त्यातून निघणारी वाफ कॅल्शियम क्लोराइड शोषून घेतं, कार्बन डायऑक्साइड पाच फुग्यांच्या काचपात्रातल्या पोटॅशमध्ये अडकतो. दोन्हींचं वजन किती वाढलं ते पाहायचं आणि त्यावरून मूळ पदार्थातला हायड्रोजन आणि कार्बन काढायचा. सगळी भिस्त नळीवर. साधी काच इथं मऊ पडून फुगेल, म्हणून पोटॅशची कठीण काच वापरतात. शेवटी नळीचं निमुळतं टोक मोडून तोंडानं हळूहळू हवा ओढतात. आत रेंगाळलेला वायू मागं राहिला तर हिशेब चुकतो. लीबिगच्या त्या फुग्यांचं कौतुक सगळ्यांनी केलं. निखाऱ्यात तग धरणाऱ्या काचेचं तितकं झालं नाही, आणि मला ते खटकतं. पुढं येना शहरात ऑटो शॉटनं काचेत बोरॉन घातला. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, त्यामुळं सहसा तडकत नाही.

परत या, तुमची नळी लाल झाली. हिची काच मात्र साधी, स्वस्तातली, कारण ही फुटायलाच हवी. चिनीमातीच्या बशीत डिस्टिल्ड वॉटर आहे, त्यात नळी बुडवा आणि लगेच वर जाळी झाका. तड्‌! नळीच्या ठिकऱ्या होतात, आतलं सगळं पाण्यात उतरतं. आणखी दोन नळ्या अशाच करा. उकळा, गाळा.

शेजारच्या टेबलावरचा मुलगा वसतिगृहात राहतो, घरातला पहिलाच शिकणारा. त्याच्या वडिलांना गावच्या विहिरीवर पाणी भरायची मनाई होती. इथं तो डिस्टिल्ड वॉटरची बाटली स्वतः उचलतो, हवं तेवढं ओततो, आणि कुणी हटकत नाही. बाबासाहेबांनी १९५० मध्ये हे कॉलेज सुरू केलं, त्यात विज्ञानाला जागा दिली, ती याच्यासाठी. कॉलेजला नाव मिळालं भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजा मिलिंदाचं. ‘मिलिंदपन्ह’मध्ये नागसेन त्याला उलट विचारतो: रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? वस्तू सुटी करून पाहायची ही रीत या आवारात फार जुन्या ओळखीची वाटते.

तुमचं गाळलेलं पाणी स्वच्छ हवं. पुडीत नायट्रोजन असेल तर तो आता सोडियम सायनाइड होऊन पाण्यात आला असेल. १८४३ मध्ये लासेन या फ्रेंच रसायनज्ञानं शोधलेली युक्ती ती हीच. थोडं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, फेरस सल्फेट घाला, उकळा, मग सौम्य सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे थेंब. हिरवट गढूळपणा विरतो आणि गडद निळा रंग उतरतो. नायट्रोजन आहे!

शेजारचा मुलगा घाईनं सिल्व्हर नायट्रेटची बाटली उचलतो, क्लोरीन पाहायला. सर त्याचा हात धरतात.

“थांब. नायट्रोजन सापडला ना? मग आधी नायट्रिक अ‍ॅसिड घालून उकळ, सायनाइड पार जाऊ दे. नाही तर त्याचाच पांढरा साका पडेल आणि तू क्लोरीन लिहून मोकळा होशील. आणि हे खिडकीपाशी कर, तो धूर विषारी आहे.”